दीड कडव्याचा चहा

आमच्या मुकादमांकडे घड्याळ नव्हतं, आणि वेळेच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस मी भिलाईत दुसरा पाहिला नाही. सुपेला वस्तीतल्या हॉटेलात शिरले की ते थेट चुलीपाशी जाऊन उभे राहत आणि ओठ हलवू लागत. हॉटेलवाला बिचारा भांड्याकडे न बघता यांच्या तोंडाकडे बघत बसे. पहिली उकळी आली की मुकादमांच्या मनातलं गाणं सुरू होई, आणि दीड कडवं झालं की हात वर. त्या क्षणी भांडं खाली उतरलं नाही तर ते चहाला शिवत नसत.

"दोन कडव्याचा केला तू," ते म्हणत. "कडू झाला. आता तूच पे."

अंडं तीन कडव्यांचं. कुरुद गावातल्या खोलीपासून कामाच्या फाटकापर्यंतचा रस्ता चाळीस कडव्यांचा, चिखल असला तर पन्नास. आपण भेटायला गेलो आणि ते न्हाणीत असले तर आतून आवाज येई, "कडवंभर थांब, बाबू!" आणि कडवं संपता संपता ते पंचा गुंडाळून खरोखरच दारात हजर. मी लपूनछपून मोजून पाहिलं आहे. माणूस एकदाही चुकला नाही, याचा मला त्या वयात फार राग यायचा.

गाणं एकच होतं. एक मराठी भावगीत, नागपूरच्या बाजूला त्या काळी घरोघरी ऐकलेलं. आपला माणूस कामावरून दमून अंगणातच झोपला आहे आणि बायको चांदण्याला विनवते आहे, बाबा रे, याची झोप मोडेल, जरा दमाने ये. "हळू उतर, हळू उतर, चांदण्या रे." एवढंच. पण चाल अशी संथ की ऐकणाऱ्याचा श्वाससुद्धा लांब व्हायचा.

आणि या गाण्यावर आम्ही लोखंड उतरवायचो!

हे सांगितलं की आजकालची माणसं हसतात, म्हणून नीट सांगतो. रशियनांच्या मदतीने पोलादाचा कारखाना उभा राहत होता. चारी बाजूंना खांब, कैच्या, पाइप, धूळ, आणि दहा मुलखांतली माणसं एकाच वेळी ओरडत असलेली. मोठ्या क्रेन होत्या, पण उभ्या झालेल्या सांगाड्यांच्या बेचक्यात क्रेनचा हात पोचत नसे. तिथे आम्हा खलाशांची, म्हणजे दोर-कप्पीने अवजड लोखंड चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांची, गँग लागे. कप्प्यांतून ओवलेला दोर, त्याचे चार वेढे जमिनीत पुरलेल्या खुंट्याभोवती, आणि दोराचं शेपूट आठ जणांच्या हातात. सगळ्या देशात खलाशी उचलताना 'हाबिस' म्हणतात आणि सोडताना 'आरिया'. उचलताना आम्हीही 'हाबिस'च म्हणायचो. पण उतरवताना आमचे मुकादम गायचे. "हळू" म्हणाले की धरायचं. "उतर" म्हणाले की वीतभर दोर सोडायचा. "चांदण्या रे" ला पुन्हा घट्ट. खांब असा खाली यायचा की त्यावर ठेवलेला पाण्याचा लोटा हिंदकळला नसता. हे बोलण्यापुरतं म्हणत नाही, देवाजीने एकदा खरोखर ठेवला होता.

देवाजी आमच्यातला सगळ्यात वयस्कर. खांब खाली येताना पहार घेऊन अगदी त्याच्या बुडाशी उभं राहायचं आणि बुडाच्या पत्र्यातली भोकं पायाच्या बोल्टांवर नेमकी आणायची, हे काम त्याचं. वर टांगलेलं अवजड लोखंड, खाली देवाजीची मान, आणि मधे आमचे सोळा हात. मी तेव्हा बावीस वर्षांचा, भंडाऱ्याकडून आलेला, दोरावर सगळ्यात पुढे. पुढचा हात सुटला की मागचे सात जोड आपोआप सुटतात, म्हणून ती जागा मानाची समजत. मान कशामुळे मिळतो हे तेव्हा मला कळत नव्हतं. मी नुसता मिरवायचो.

मुकादमांकडे त्या गाण्याची तबकडी होती. ग्रामोफोन नव्हता. लोखंडी पेटीत, दोन फळ्यांच्या मधे, धोतराच्या घडीत गुंडाळून ठेवलेली. रविवारी ती डोक्यावर घेऊन ते जुनवानीला चालत जात. जुनवानी तेव्हा निव्वळ खेडं होतं, आणि तिथल्या दाऊंकडे, म्हणजे गावच्या मोठ्या जमीनदाराकडे, चावीचं यंत्र होतं. दाऊ ओट्यावरूनच ओरडत, "आ गे मुकादम, गाना धर के!" म्हणजे आला मुकादम, गाणं घेऊन! मग मुकादम तपकिरीच्या डबीतून स्वतःची नवी कोरी पिन काढत. दुसऱ्याच्या बोथट पिनेने तबकडीला ओरखडे जातात, यावर त्यांनी दाऊंना सुनावायलाही कमी केलं नव्हतं. पिन लावून ते यंत्राकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसत. गाणं एकदाच. दाऊंच्या घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी दुसऱ्यांदा नाही.

"कावून हो मुकादम?" मी एकदा विचारलं.

"घासते ना बे. तबकडी घासली का चाल हालते. चाल हालली का दोर हालते. दोर हालला का देवाजीची मान हालते."

त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं. कुठल्याशा नदीवरच्या पुलाच्या कामावर, लोखंडाची तुळई उतरवताना तिथल्या मुकादमाने घाई केली, "जल्दी सोडो" म्हणून ओरडला, झटका बसला आणि बोटं दोर आणि खुंट्याच्या मधे गेली, असं ते सांगत. इस्पितळात पडले असताना शेजारच्या घरी रोज हे गाणं वाजे. "त्या गान्यात घाई नाही, बाबू. साऱ्या दुनियेत घाई हाये, त्या गान्यात नाही." बरे होऊन बाहेर पडल्यावर त्यांनी पहिली वस्तू घेतली ती ही तबकडी.

आणि मग सुपेल्याच्या हॉटेलात भोंगा आला, आणि भोंग्यातून आलं ते नवं गाणं!

चाल तीच. अगदी तीच, कुणीही ओळखावी. पण हिंदी. कुठल्याशा सिनेमासाठी कुणीतरी आमचं भावगीत उचललं होतं, त्यात अकॉर्डियन घातलं, ढोलक घातला, आणि दुसऱ्याच बाईच्या आवाजात ते दौडत सोडलं होतं. दमलेला नवरा गायब. त्याच्या जागी एक अल्लड पोरगी, प्रियकराला भेटायला उतावीळ, चंद्रालाच दम भरते आहे. "जल्दी उतर, जल्दी उतर, चंदा रे!"

मुकादम दीड कडव्यासाठी उभे होते. त्यांचे ओठ जागच्या जागी थांबले. चहा उतू गेला.

"हे कोनं केलं?" त्यांनी हॉटेलवाल्याला विचारलं.

"का होगे मुकादम? नवा गाना हे. सब मन सुनथे." सगळेच ऐकतात, असं त्याचं म्हणणं.

"नवा? हे नवं हाये? दुसऱ्याच्या अंगातला सदरा काढून घातला, तर तो नवा होते का?"

त्या दिवसापासून त्यांनी तिथला चहा सोडला. दोन दिवस तिकडे फिरकलेही नाहीत, पण तिसऱ्या दिवशी मी त्यांना हॉटेलसमोरच्या रस्त्यापलीकडे, भोंग्याकडे पाठ करून उभं असलेलं पाहिलं. मग रोजच. संध्याकाळी कामावरून सुटले की तिथे उभे, ओठ चालू, आणि उजव्या हाताची तीन बोटं एकेक करून मिटत होती. मला वाटलं, शिव्या मोजताहेत.

आता माझी गोष्ट कबूल करतो. मला ते नवं गाणं बेहद्द आवडलं होतं. आवडलं कसलं, अंगात भिनलं होतं! माझं लग्न ठरलेलं, खिशात मुलीचं पत्र, आणि कानात "जल्दी उतर, जल्दी उतर". चालताना पाय त्याच तालावर पडायचे. जेवताना ताटावर बोटं वाजायची. एकदा दोराशी उभा असताना ते गुणगुणलो, तर मुकादम माझ्यासमोर येऊन नुसते उभे राहिले. एक अख्खं कडवंभर. मग म्हणाले, "घरी गा. दोरावर नोको." मी मान डोलावली, आणि मनातल्या मनात म्हटलं, म्हाताऱ्याला काय कळतंय.

त्याच सुमाराला एक नवे इंजिनियर साहेब आले. तरणेबांड, हुशार, वाईट माणूस नव्हते. त्यांनी आमचं उतरवणं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हे काय भजनी मंडळ आहे का? उद्या तुमचा घसा बसला तर खांब काय लटकत राहणार?" त्यांनी खिशातून शिट्टी काढली. एक फुंक म्हणजे सोडा, दोन म्हणजे धरा. सगळ्या साइटवर एकच पद्धत हवी, असं त्यांचं म्हणणं.

मुकादम म्हणाले, "साहेब, शिट्टीले श्वास नाही."

साहेबांना ते समजलं नाही, पण खुंट्याशेजारी उभ्या असलेल्या रशियन साहेबांना दुभाष्याने काहीतरी सांगितलं आणि त्यांनी हसून मनगटावरचं घड्याळ दाखवलं. ते महिनाभर मुकादमांचं कडवं मोजत होते म्हणे, आणि त्यात सेकंदाचाही फरक पडला नव्हता. त्यामुळे आमचे साहेब थोडे नरमले. म्हणाले, ठीक आहे. पुढच्या आठवड्यात बेचक्यातला मोठा खांब आहे. तो गाण्यावर नीट बसला तर गाणं राहील. नाही तर शिट्टी, आणि ही गँग मोडून नऊ जण नऊ ठिकाणी पाठवीन.

नऊ जण नऊ ठिकाणी! मुकादमांना बायको नव्हती, मूल नव्हतं. पुलाच्या कामानंतर एकेक माणूस जोडत उभी केलेली ती गँग हेच त्यांचं घर होतं. देवाजी तर त्यांच्याबरोबर वीस वर्षं होता. त्या संध्याकाळी त्यांनी फाटकापाशीच चहा मागवला आणि कडवं न मोजताच पिऊन टाकला.

तो दिवस मला तासातासाने आठवतो. ऊन लख्ख होतं. साइटच्या पलीकडच्या टोकाला कुणा पाहुण्यांसाठी मांडव घालणं चालू होतं. खांब सकाळीच 'हाबिस' करून वर नेला होता, आणि तो बेचक्यात असा उभा टांगलेला होता की बघूनच छाती भरून यावी. साहेब वहीसकट हजर. रशियन साहेब घड्याळासकट. देवाजी पहार घेऊन बोल्टांपाशी वाकलेला.

मुकादमांनी घसा साफ केला. "हळू..." आम्ही धरलं. "उतर..." वीतभर सोडलं. "चांदण्या रे..." घट्ट. काय गात होते त्या दिवशी! आवाज गोड नव्हता त्यांचा, खरखरीतच होता, पण अंगावर काटा आला. खांब लोण्यातून सुरी यावी तसा खाली येत होता. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. देवाजीच्या डोक्यावर आता फक्त दोन हात अंतर.

आणि मांडवातल्या भोंगेवाल्याने आवाज तपासायला म्हणून तबकडी लावली.

"जल्दी उतर, जल्दी उतर, चंदा रे!"

सगळी साइट दुमदुमली. मुकादमांचा आवाज त्यात बुडाला. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू येत होतं ते भोंग्यातलं. आणि माझे हात, ज्यांना महिनाभर मीच ती सवय लावली होती, त्या "उतर" ला सुटले. मला कळायच्या आत सुटले. माझ्यामागचे सगळे सुटले. दोर हातभर सरकला, आम्ही कसाबसा धरला, आणि खांब दणकन थांबून झुलायला लागला. देवाजी झुकला होता तसाच खाली बसला. खुंटा करकरला.

मांडव दूर होता. कुणीतरी तिकडे धावत सुटलं, पण ते पोचेपर्यंत खुंटा तग धरणार नव्हता, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. देवाजीने बाहेर यावं तर झुलता खांब वाटेत. वर नेणं शक्य नव्हतं. खालीच आणायचा होता, आणि तोही वीत-वीतभर. पण वीत कुणाच्या तालावर? आमच्या कानात तर तेच घुमत होतं, जल्दी, जल्दी.

मुकादम आमच्यासमोर धावत आले. माझ्या तोंडासमोर तोंड आणून त्यांनी गायला सुरुवात केली. आणि काय गायला लागले माहीत आहे?

"जल्दी उतर!"

ते! ज्याच्यासाठी त्यांनी चहा सोडला होता ते! भोंग्याच्या तालात, भोंग्याच्या शब्दांत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. उजवा हात वर केला आणि पहिल्या "उतर" ला एक बोट मिटलं, दुसऱ्याला दुसरं, तिसऱ्याला तिसरं, आणि चौथ्याला सगळा पंजा उघडला. "चौथ्याले! भोंग्याचे चार म्हंजे आपला एक! तीन धर, चौथ्याले सोड!"

अरे देवा, किती सोपं होतं ते! त्या धावत्या गाण्याच्या आत आमचं संथ गाणं जसंच्या तसं बसलेलं होतं. तीन धर, चौथ्याला सोड. आम्ही आठही जण आता ओरडून गायला लागलो. मी रडत होतो आणि गात होतो. बोट, बोट, बोट, पंजा. वीतभर. बोट, बोट, बोट, पंजा. वीतभर. झुलणं कमी झालं. देवाजी उठला, पहार लावली, आणि पुढच्या पंजाला बोल्ट भोकांतून वर आले. चारही. खांब बसला!

तेवढ्यात भोंगा बंद पडला. आम्ही आठ जण आणि मुकादम मात्र भर उन्हात "चंदा रे" म्हणून बोंबलत होतो. मग जो हशा आणि टाळ्यांचा गजर झाला! रशियन साहेबांनी टोपीच उडवली. देवाजी येऊन मुकादमांच्या गळ्यात पडला.

साहेबांनी ओळंबा लावून पाहिला, बोल्ट पाहिले. मग वही मिटली आणि विचारलं, "झटका बसला. पहिला हात कुणाचा सुटला?"

मी खाली मान घालून दोर गुंडाळू लागलो. मुकादमांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"हात कोनाचाच नाही, साहेब. माहं गानं चुकलं."

साहेबांनी वही खिशात टाकली. मग म्हणाले, "आणि ते दुसरं? ते कधी शिकलात?"

आमचे मुकादम लाजले. खरंच लाजले, कानापर्यंत. "सुपेल्यात, साहेब. रोज संध्याकाळी. शिव्या देत देत." साहेबांना हसू आवरेना. शिट्टी त्यांच्या खिशात गेली ती पुन्हा बाहेर आली नाही, आणि गँग एकत्र राहिली.

दोन-तीन वर्षांनी पूर्वेकडे दुसऱ्या कारखान्याचं काम निघालं आणि मुकादम तिकडे निघाले. मी लग्न करून इथेच रुजलो होतो, मला इथेच मुकादम केलं होतं. दुर्गच्या फलाटावर सोडायला गेलो, तर त्यांनी धोतरात गुंडाळलेली तबकडी माझ्या हातात दिली.

"मले कावून? देवाजीले द्या," मी म्हणालो.

"देवाजीचा हात कदी सुटला नाही." ते शांतपणे म्हणाले. "तुहा सुटला होता. पहिला. मी दोराकडंच पाहून राहिलो होतो."

इतके दिवस पोटात घेऊन फिरत होतो ते असं फलाटावर उघडं पडलं. मी विचारलं, "मंग साहेबाले सांगितलं कावून नाही?"

त्यांनी तीन बोटांचा पंजा माझ्यासमोर धरला. "पुलावर मुकादमानं घाई केली, असं मी साऱ्यायले सांगत आलो. खोटं हाये ते. तो बिचारा 'हळू'च म्हनत होता. हात माहा सुटला होता, बाबू. माहे दोन बोटं गेले. आन तो सायबासमोर उभा राहून म्हने, माहा हुकूम चुकला. त्याची मुकादमी गेली त्याच्यापायी. मी इस्पितळात पडून ते गानं आयकत होतो, आन तो गावाले चालला गेला होता."

गाडीने शिट्टी दिली. ते डब्यात चढले, खिडकीशी बसले, आणि मला वाटलं आता काही उपदेश करतील. ते म्हणाले, "पिन नवी लावजो." गाडी हलली, आणि त्यांचे ओठ हलू लागले.

तबकडी माझ्या पेटीत आहे. ग्रामोफोन मीही कधी घेतला नाही. चहा मात्र आमच्या घरी आजही दीड कडव्याचा होतो, नातवंडं कंटाळली तरी.

आणि पुढे बऱ्याच वर्षांनी एकदा माझ्या गँगमधल्या एका नव्या खलाशाचा हात सुटला. नुकसान काही झालं नाही, पण झटका बसला, आणि त्या वेळचे साहेब तरातरा आले. कुणाचा हात सुटला, म्हणाले. तो बिचारा पांढराफटक पडून माझ्याकडे बघत होता.

"कोनाचाच नाही, साहेब," मी म्हणालो. "माहं गानं चुकलं."

साहेब माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. तोवर सगळीकडे मोठ्या क्रेन आल्या होत्या, दोर क्वचितच लागे, आणि आमच्या कामावर कितीतरी वर्षांत कुणी गायलं नव्हतं.